सण एका दिवसाचा, डबे पंधरा दिवसांचे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभा राहिलेला माणूस हमखास हादरतो. परवापेक्षा दीड किलो जास्त! मग घरात दोन सूर निघतात. पहिला, "झालं तेवढं झालं, आता गणपती होईस्तोवर कशाला जिवाचे हाल?" आणि दुसरा, "आजपासून दोन दिवस नुसतं लिंबूपाणी." वजन सांभाळू बघणाऱ्याचं पुरणपोळीनं जेवढं बिघडत नाही, तेवढं या दोन सुरांनी बिघडतं. कारण काट्यावरच्या त्या दीड किलोत चरबी फारच थोडी असते.

हिशोब करून बघू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे दीड किलो चरबी अंगावर चढवायची तर रोजच्या गरजेपुरतं खाऊन त्यावर साडेअकरा हजार कॅलरी पोटात घालाव्या लागतील. पुरणपोळीच्या भाषेत सांगायचं तर रोजचं जेवण जेवून वर आणखी तीसेक पोळ्या, तुपासकट. पैजा मारून खाणारे गडी पूर्वी गावोगाव असायचे, त्यांनाही हे एका दिवसात जमलं नसतं.

मग काटा खोटं बोलतो का? तसंही नाही. वजन वाढलेलंच असतं, पण ते बहुतेक पाण्याचं. गोड आणि पिठूळ पदार्थांतली साखर शरीर आधी लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. ग्लायकोजेन म्हणजे स्वयंपाकघरातला पिठाचा डबा, रोज हात घालायचा; चरबी म्हणजे अंगणातलं पेव, एकदा भरलं की लवकर उघडत नाही. हा डबा छोटा असतो, सगळा मिळून पाचशे ग्रॅमच्या आसपास. पण दर ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. जो माणूस चार दिवस जपून खात होता त्याचा डबा निम्मा रिकामा झालेला असतो. सणाला तो काठोकाठ भरतो आणि सोबत पाणीही येतं. त्यात भर मिठाची. भजी, पापड, कुरडया, लोणचं, आमटी यांतून गेलेलं मीठ शरीर बाहेर टाकेपर्यंत पाणी अडवून ठेवतं. दवाखान्यात लावतात त्या साध्या सलाईनच्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असतं. शरीरातल्या पाण्याचा खारटपणाही जवळपास त्याच मापाचा, त्यामुळे दोन चमचे जादा मिठामागे पाणी किती अडत असेल याचा अंदाज करा. शिवाय आतड्यात अजून पुढे न सरकलेलं अन्न असतंच, त्याचंही वजन आहे.

हे सगळं तीन-चार दिवसांच्या साध्या जेवणानं आपोआप उतरतं. म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी वजन करूच नये, आठवड्यानं करावं. त्याहून चांगलं म्हणजे कंबर मोजावी. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या, श्वास सहज सोडा, बेंबीच्या जवळपास माप घ्या. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. आपल्याकडे पोटाकडे इतकं बघायचं कारणही आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांची मापं २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला शिडशिडीत, आतून चरबीदार, अशी आपली ठेवण. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर ओढली आहे. "मी कुठं जाड आहे?" म्हणणाऱ्या आपल्याकडच्या बारीक माणसालाही हे लागू होतं.

एक पोळी उलगडून बघू

पुरणाचं प्रमाण घरागणिक बदलतं, पण किलोभर हरभऱ्याच्या डाळीला किलोभर गूळ हे आपल्याकडचं नेहमीचं माप. त्यात बेताच्या आकाराच्या तीसेक पोळ्या निघतात. म्हणजे एका पोळीत तेहेतीस ग्रॅम डाळ, तेहेतीस ग्रॅम गूळ आणि वरच्या पातीसाठी वीस-पंचवीस ग्रॅम कणीक. डाळीच्या १२० कॅलरी, गुळाच्या सव्वाशे, कणकेच्या ऐंशीच्या आसपास. झाल्या सव्वातीनशे. आता तूप. चहाच्या चमच्याभर तुपात ४५ कॅलरी असतात, पण पंगतीत तूप चहाच्या चमच्यानं कोण वाढतं? पळीची धार सोडली की सहज मोठा चमचाभर पडतं, म्हणजे आणखी १२०. पुढे वाटीभर गुळवणी, ती पोळी बुडवायला. त्यात पंचवीस-तीस ग्रॅम गूळ, म्हणजे शंभर कॅलरी.

नीट पाहिलं तर या ताटातला खरा वजनदार गडी पोळी नाहीच. डाळीत प्रथिनं आहेत, तंतू आहेत, पोट भरतं, साखर रक्तात जरा दमानं उतरते. वजन वाढवणाऱ्या गोष्टी पोळीच्या भोवती आहेत: तुपाची दुसरी-तिसरी धार, गुळवणी, आणि हात रिकामा असला की सहज उचलली जाणारी भजी आणि कुरडई. पोळी ठेवा, गुळवणीच्या जागी दूध घ्या किंवा ती अर्ध्या वाटीवर आणा, तूप एकदाच घ्या. एका जेवणात तीन-चारशे कॅलरी कमी होतात आणि सणात काही उणं राहिलं असं वाटत नाही. येळवणीची, म्हणजे पुरणाची डाळ शिजवलेल्या पाण्याची, आमटी मात्र मनसोक्त प्या. वरचा तेलाचा तवंग बाजूला सारला की ती पातळ, झणझणीत आणि पोट भरणारी असते.

गुळाबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. "साखर नको, गुळाचं दे" असं म्हणत दुप्पट खाणारे घरोघरी आहेत. शंभर ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, शंभर ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण वजनाच्या आणि रक्तातल्या साखरेच्या हिशोबात दोघं सख्खे भाऊ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, जमल्यास ५ टक्क्यांखाली. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ही मर्यादा ५० ग्रॅम, जमल्यास २५ ग्रॅम. गूळही यातच मोजायचा. एका पोळीत ती ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. सणाला ओलांडली तर ओलांडली. रोजच्या चार कप गोड चहातून ती ओलांडू नये, एवढं बघा.

तीच गत तेलाची. करडईचं तेल हृदयाला बरं म्हणून कढईत सढळ हातानं ओतलं जातं. करडई, शेंगदाणा, सोयाबीन, तूप, काहीही घ्या, एका ग्रॅममागे ९ कॅलरी ठरलेल्या.

आता सगळं ताट जोडू. तीन पोळ्या, तीनदा तूप, गुळवणी, पाच-सहा भजी, थोडा भात-आमटी: अठराशे कॅलरींच्या आसपास जातं. आकडा मोठा आहे. पण अशा दुपारनंतर रात्री कुणी फारसं जेवत नाही, ताक नाहीतर मूठभर मुरमुरे खाऊन झोपतात. दिवसाची गोळाबेरीज गरजेपेक्षा सात-आठशेनं जास्त भरते. चरबीत सांगायचं तर शंभर ग्रॅमच्या आसपास. सणाच्या दिवसाची खरी किंमत एवढीच.

मग वजन वाढतं कधी?

अमेरिकेत २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापला गेला. १९५ लोकांची वजनं त्यांच्या सणासुदीच्या हंगामाआधी आणि नंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, नीट मोजली. सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो. लोकांना स्वतःबद्दल वाटत होतं त्याहून बरीच कमी. पण त्यातली बोच पुढे आहे: ही वाढ नंतरच्या महिन्यांत उतरली नाही. थोडं चढलं आणि बसून राहिलं. दरवर्षी असं पाव-अर्धा किलो बसत गेलं की पंचविशीतला सडपातळ मुलगा पंचेचाळिशीत सुटलेला दिसतो, आणि "खातो तर तेवढंच" म्हणतो. तोही काही खोटं बोलत नसतो.

त्यांचा हंगाम सहा आठवड्यांचा. आपला? नागपंचमीपासून धरा. पोळा, गणपती, महालक्ष्म्या, पंधरा दिवस पित्रं (खेड्यात या दिवसांत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरचं बोलावणं, खीर-वडे-कढी ठरलेली), मग नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, मध्ये वेळ अमावस्या, संक्रांत, गावातल्या सप्ताहाच्या काल्याचा महाप्रसाद. सणांचे दिवस मोजले तर वर्षात वीस-पंचवीस भरतील. त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन सणांच्या मधल्या दिवसांनी.

उरलेलं पुरण फ्रिजमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी शिळी पोळी दुधात कुस्करून खातात, आणि ती ताजीपेक्षा सरस लागते याबद्दल माझंही दुमत नाही. तिसऱ्या दिवशी पुरण संपवायचं म्हणून पुन्हा चार पोळ्या. दिवाळीला तर डबेच डबे. आपले, शेजारच्या ताटांचे, पुण्याहून आलेल्या दिराचे, ऑफिसातल्या मिठाईचे. बेसनाचा एक लाडू पावणेदोनशे-दोनशे कॅलरींचा, चकली शंभराची, मूठभर चिवडा दीडशेचा. चहासोबत एक लाडू, दोन चकल्या, थोडा चिवडा घेतला की साडेपाचशे होतात. हे कुणी जेवण म्हणून मोजत नाही, जेवण तर त्यानंतर होतंच. असं रोज चार-पाचशे जादा, आठ-दहा दिवस चाललं, की अर्धा किलो चरबी झाली. लक्ष्मीपूजनाच्या ताटानं जे केलं नाही ते पत्र्याच्या डब्यानं केलं.

उपाय फार हुशारीचे नाहीत. फराळ कमी करा, म्हणजे मुळात कमी बनवा. दोन किलोच्या भाजणीच्या जागी एक किलो. पाच पदार्थ केले पाहिजेत असा नियम कुणी घालून दिलेला नाही, घरात ज्यावर सगळ्यांचा जीव आहे ते दोन-तीन करा. केलेलं लवकर वाटून टाका, शेजारी, शेतावरची माणसं, कामाला येणाऱ्या मावशी. डबा ओट्यावर नको, वरच्या फळीवर ठेवा. हाताशी आणि डोळ्यांसमोर असलेलं भूक नसतानाही खाल्लं जातं. आणि फराळाला दिवसातली एक वेळ ठरवून द्या. सकाळी नाश्त्याऐवजी ताटलीत वाढून घ्यायचा, बसून खायचा, संपला की संपला. माझ्या मते दिवाळीपुरता हा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

पोट भरलं, तरी जागा कशी उरते

महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशीचा नैवेद्य आठवा. सोळा भाज्या, कोशिंबिरी, पंचामृत, कढी, वडे, भजी, खीर, पुरणपोळी, ज्वारीची आंबील. या ताटावर बसलेला माणूस रोजच्यापेक्षा जास्त जेवतोच, आणि त्यात हावरटपणाचा भाग कमी आहे. आपला मेंदू एका चवीला कंटाळतो. वांग्याची भाजी चार घास खाल्ली की तिची गोडी उतरते, पण शेजारच्या खिरीची ओढ तशीच ताजी असते. प्रयोगांत हे वारंवार दिसलंय: एकच पदार्थ समोर असला की माणूस लवकर थांबतो, पदार्थ बदलत राहिले की खात राहतो. "पोट भरलंय, पण गोडाला थोडी जागा आहे" ही थाप नाही, शरीराची रीतच तशी आहे.

म्हणून अशा ताटात पहिल्या फेरीला सगळं चमचा-चमचा घ्यावं, देवीचाही मान राहतो. दुसऱ्या फेरीला फक्त जे मनापासून आवडलं तेच, एक किंवा दोन पदार्थ.

दुसरी गोष्ट वेगाची. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. लग्नाच्या पंगतीत एवढा वेळ कुणाकडे असतो? मागे दुसरी पंगत पाठीला पाय लावून उभी, वाढपी "बुंदी, बुंदी, बुंदी" करत धावतोय, बारा मिनिटांत पत्रावळी उचलायची वेळ. तिथे सुरुवात तरी आपल्या हातात असते. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण, शेवटी भात आणि गोड. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की नंतरच्या गोडाची साखर रक्तात हळू चढते, आणि गोडही आपोआप कमी जातं.

पंगतीत बसणाऱ्याचं एक, पण रांधणाऱ्या बाईचं गणितच वेगळं असतं आणि वजनाच्या लेखांत ते सहसा येत नाही. परभणीला माझ्या आत्याकडे महालक्ष्म्या असतात. सकाळपासून तिच्या पोटात दोन कप चहा. नैवेद्य झाल्याशिवाय काही खायचं नाही. आरती, सवाष्णी, ब्राह्मण, मग पाव्हणे, मग घरातले पुरुष, पोरं. ती ताट वाढून घेते तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि ताट म्हणजे काय तर ओट्यापाशी उभ्यानं, फाटलेली पोळी, पोरांनी अर्धवट टाकलेले वडे, पातेल्याच्या तळाची खीर. "वाया कशाला घालवायचं?" दिवसभराची भूक, थकवा आणि सगळ्यात तेलकट-गोड असं उरलेलं, हे एकत्र आलं की कुणीही गरजेच्या दुप्पट खाईल. वरून दुसऱ्या दिवशी तीच म्हणते, "मी तर दिवसभर काहीच खाल्लं नव्हतं, तरी वजन वाढलं."

अशा घरात बाईला "कमी खा" सांगून उपयोग नाही. तिला दुपारी चारला काहीतरी मिळालं पाहिजे. धर्मानं चालत असेल तर वाटीभर दही, केळं, मूठभर भाजलेले शेंगदाणे, ताक. तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढून झाकून ठेवता येतं. आणि वाढायला घरातले पुरुष उठले, तर ती पहिल्या नाही पण दुसऱ्या पंगतीला बसू शकते. अन्न वाया जाऊ नये हे बरोबरच आहे, पण नको असलेलं पोटात ढकललं म्हणजे ते वाचलं असं होत नाही.

आग्रह

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, पण जावयाच्या पोटाची त्यात परीक्षा होते. पुरणाचे धोंडे, त्यावर तूप, आणि तिन्ही बाजूंनी मेहुण्या.

"दाजी, ही एवढीच. गरम हाय."

"नको, खरंच झालं आता."

"एवढ्यानं काय व्हतंय? आईच्या हातचं आवडलं न्हाई म्हणायचं का मग?"

याला "मी डाएटवर आहे" हे उत्तर देऊ नका. त्यावर हमखास वाद सुरू होतो आणि वादात जावई हरतो. आग्रह करणाऱ्याला तुमचं पोट भरायचं नसतं, त्याला त्याच्या रांधण्याची पावती हवी असते. ती आधीच देऊन टाका. पहिल्याच घासाला मोठ्यानं, नाव घेऊन, "वहिनी, पुरण काय जमलंय!" असं म्हणा. ताट कधी पूर्ण रिकामं करू नका. रिकाम्या ताटावर वाढपी घारीसारखा येतो. अर्धी पोळी मागून घ्या, म्हणजे मागितल्याचं समाधान त्यांना आणि अर्धीच आल्याचं तुम्हाला. "दुसरं ताक मिळेल का?" हे वाक्य तर फार कामाचं, कारण त्यातही आग्रहाची हौस भागते. आणि शेवटचा उपाय, "संध्याकाळी घेतो." संध्याकाळी कुणाच्या लक्षात नसतं.

यजमानांनाही एक विनंती आहे. दोनदा विचारा, तिसऱ्यांदा नको. समोरच्याला शुगर असेल तर तो चारचौघांत सांगेलच असं नाही.

ईदेच्या दिवशी संभाजीनगर-नांदेडकडे हाच प्रश्न शीरखुर्म्याच्या वाटीतून येतो. एका घरात वाटी संपवली की पुढच्या घरी दुसरी तयार, आणि आठ घरांना जायचंच असतं. वाटी छोटी मागावी, प्रत्येक घरी दोन-तीन चमचे घ्यावेत, एकाच घरी पोटभर खावं. नान-खलियाचं (नान आणि मटणाचा रस्सा) बोलावणं असेल तर त्या दिवशी भूक त्यासाठीच राखून ठेवावी.

उपास आणि भरपाई

सणाचं खाल्लेलं उपासानं फेडायचं, ही कल्पना आपल्याकडे पक्की आहे. पण उपासाला आपण खातो काय? शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी, जवळपास सगळा स्टार्च, प्रथिनं नावापुरती. त्यात मूठभर दाण्याचा कूट आणि दोन चमचे तूप गेलं की खिचडीची एक ताटली सहाशेच्या पुढे जाते, साध्या भाकरी-वरणाच्या जेवणाहून जास्त. "एकादशी अन् दुप्पट खाशी" म्हणणाऱ्यांनी कॅलरी मोजल्या नव्हत्या, पण निरीक्षण अचूक होतं. उपास करायचाच तर भगर-आमटी, दही, ताक, काकडी, फळं यांवर करावा. खिचडी घ्यायची तर वाटीभर.

चालून फेडणंही तितकंच अवघड. साठ किलोचा माणूस एक किलोमीटर चालला की पन्नासेक कॅलरी खर्च होतात. तुपाच्या एका धारेसाठी अडीच किलोमीटर. म्हणून चालणं हा दंड समजू नका. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश फिरलं तर रक्तातली साखर कमी चढते, हा त्याचा खरा फायदा, आणि तो त्याच दिवशी मिळतो. अमेरिकेतल्या त्या अभ्यासातही ज्यांची हालचाल जास्त होती त्यांचं वजन कमी वाढलं होतं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी करायचं काय, तर नेहमीचं जेवायचं. ज्वारीची भाकरी, मेथी किंवा चुका, वरण नाहीतर पिठलं, सोबत ताक. शंभर ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम तंतू असतात, पोट धरून ठेवायला हे पुरेसं आहे. उपाशी राहिलं की संध्याकाळी सहाला भूक अशी खवळते की हात थेट त्या डब्यात जातो.

वेळ अमावस्या हा मला या सगळ्यात शहाणा सण वाटतो. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा, आणि मग जेवण: तुरीचे-वाटाण्याचे-हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि माठातली आंबट-गार आंबील. माणसं पोटाला तडस लागेपर्यंत जेवतात. तरी त्या ताटात डाळी, पाला, भरड धान्य आणि ताक इतकं असतं की गोड आणि तळणाला जागाच कमी उरते. वर बांधाबांधानं हिंडणं, दुसऱ्याच्या शेतात जाऊन तिथली भज्जी चाखणं. मात्र भज्जीवर किती तेल ओतायचं याचा विचार तिथेही करावा लागतो.

हे सगळं ज्यांची तब्येत बरी आहे त्यांच्यासाठी. मधुमेह असलेल्यांचं वेगळं, आणि ते थोडे नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं, म्हणजे दहा कोटींहून जास्त. मधुमेहावरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन अशी असतात की ती घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. नवरात्राचे नऊ दिवस किंवा रमजानचे रोजे धरायचे असतील तर आठ-पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा ठरवून घ्यावी, मनानं गोळी बंद करू नये. उलट बाजूनं, "आज पोळी खाणार म्हणून एक गोळी जास्त" हेही घरगुती डोकं चालवू नये. तुळजापूरला पायी निघालेल्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबून तीन चमचे साखर पाण्यात घ्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि बरं वाटल्यावर काहीतरी पोटभरीचं खायचं. उपास त्या क्षणी मोडतो, तो मोडू द्यावा. माणूस बेशुद्ध पडला असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.